रिकाम्या खोलीचं एक मिनिट

या, जरा पुढे सरकून बसा. आजची गोष्ट आवाजाची नाही, शांततेची आहे; मागे बसलात तर निसटून जाईल.

पिक्चर संपला, दिवे लागले, तरी कुणी उठेना. चाचणीचा खेळ होता, चाळीस माणसं बोलावलेली. तीस वर्षांपूर्वीच्या एका भयपटाचा हा रिमेक. जुना पाहताना लोक किंचाळायचे म्हणे. नव्यात भूत आलं तेव्हा मागून कुणीतरी "आले बघा जावईबापू!" म्हणालं आणि सगळं थिएटर हसलं. पण मध्ये एक मिनिटाचं दृश्य होतं. रिकामी खोली, त्यात एक खुर्ची, बस्स. तिथे चाळीसच्या चाळीस जण चिडीचूप झाले, ते शेवटपर्यंत.

बाहेर एक टॅक्सीवाला भिंतीला टेकून आईला फोन लावत होता. एका शिक्षिकेच्या हातातला चहा निवून गेला होता. चित्रपटाच्या आवाजाचं काम जिच्याकडे होतं, ती मुलगी वही घेऊन एकेकाला विचारत होती.

"भीती वाटली का?"

"भीती नाही हो," शिक्षिका म्हणाली. "त्या खुर्चीत कोण होतं?"

"कुणीच नाही."

"असं कसं म्हणता? दिसत नव्हतं, एवढंच. मी काहीतरी बोलेन म्हणून वाट बघत होतं."

टॅक्सीवालाही तेच म्हणाला. त्यालाही कुणीतरी वाट बघतंय असंच वाटलं होतं.

निर्मात्याने डोक्याला हात लावला. "भुताला हसतात आणि खुर्चीला घाबरतात! उद्या दुपारपर्यंत कारण शोध, नाहीतर ते मिनिट कापून टाकतो. लोक असे मुके होऊन घरी गेले, तर दुसऱ्यांना काय डोंबल सांगणार?"

ते मिनिट कापलं जाऊ नये, असं तिला मनापासून वाटत होतं. हे मिनिट जुन्या चित्रपटातही होतं; त्याचा आवाज तिच्या वडिलांनी ध्वनिमुद्रित केला होता, आणि त्यांच्या जन्मभराच्या कामातलं लोकांनी लक्षात ठेवलेलं ते एवढंच. रिमेकची चित्रं नवी चालतील, पण त्या मिनिटाची शांतता वडिलांच्या टेपवरचीच हवी, असा दिग्दर्शकाचा हट्ट होता. "घ्या, बाबांची शांतता," म्हणत तिने ती दिली, तेव्हा तो लहान मुलासारखा खूश झाला होता.

स्टुडिओत वडिलांना सगळे कानसेन म्हणत. आता डोळे अधू झाले होते, गुडघे कुरकुरत होते, पण कान मात्र विशीतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात आली, तर ते कप पुसत बसले होते.

"मंगळवारी फ्रिज कुणी बंद केला होता गं? सगळं दूध नासलं."

"वीज गेली असेल, बाबा."

"वीज गेली की घड्याळांशिवाय काही ऐकू येत नाही. मला कळलं असतं."

"तुम्ही दवाखान्यात होता ना तेव्हा," ती म्हणाली आणि विषय बदलला. "मला सांगा, खोलीची शांतता तुम्ही कशी घ्यायचात?"

काम विचारलं की कानसेनांचा चेहरा उजळायचा. "सगळे काय करतात? दृश्य संपलं की सगळ्यांना बाहेर काढतात आणि मिनिटभर माइक चालू ठेवतात. मी तसं कधी केलं नाही. माणसं काढलेली खोली रिकामी वाटत नाही, मेलेली वाटते. म्हणून त्या चित्रपटाच्या वेळी खोलीत मी तुझ्या आईला बसवली होती."

ती दचकली. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. "आईला? हे कधी बोलला नाहीत!"

"कारागीर सगळं सांगत सुटला तर खाईल काय?" ते हसले. "तिला म्हटलं, एक मिनिट गप्प बस. ती म्हणाली, मी बसेन, पण माझा देव बसायचा नाही. मनातल्या मनात तिचं देवाचं नाव घेणं चालूच. श्वासात कळायचं मला. दोन छोटे, एक लांब. दोन छोटे, एक लांब. कीर्तनात बुवा गाता गाता थांबतात ना, तेव्हा सगळा मंडप श्वास धरून असतो, तशी ती खोली भरली होती."

तिने फोनवर ते मिनिट लावलं आणि हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला.

कानसेनांनी डोळे मिटले. टेबलावरचं त्यांचं बोट हळूच हलायला लागलं. दोनदा लवकर, एकदा सावकाश.

"हीच ती," ते म्हणाले. "अगं, एक मिनिट तरी देवाला सोड की!" गालावरून पाणी ओघळलं, पण ओठ हसत होते. "जपलीस गं टेप. मला वाटलं होतं, केव्हाच वाया गेली असेल."

तिने तिथूनच निर्मात्याला फोन लावला.

"कापू नका. कारण सापडलं. खुर्चीत खरंच कुणीतरी आहे. माझी आई."

"जुन्या टेपवर? तुझी आई?" पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "अगं मग कोण कापतंय! राहू दे ते."

"पुन्हा लाव," कानसेन म्हणाले. तिने पुन्हा लावलं.

त्यांना ती बोलली नाही, पण तुम्हाला सांगतो. बाबांची टेप बुरशीने खाल्ली होती. खरखरीशिवाय तिच्यातून काही निघालं नव्हतं. म्हाताऱ्या जिवाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून ते मिनिट तिने मंगळवारी याच स्वयंपाकघरात घेतलं होतं, फ्रिज बंद करून, रिकाम्या खुर्चीसमोर माइक ठेवून, दार ओढून, स्वतः खाली रस्त्यावर जाऊन. त्या खुर्चीतल्या माउलीची आठवण असू द्या.