वळणावरची सीट

तीस वर्षं गाद्या शिवतेय मी. लेकाच्या मोटरसायकलची कंपनीची सीट दाबून बघितली, तर नुसती फळी! ती भंगारात द्यायला सांगितली आणि नोकरीच्या गावाहून दर शनिवारी घरी यायच्या तीनशे किलोमीटरसाठी स्वतःच्या हाताने मऊसूत सीट शिवून दिली. अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवलीसुद्धा.

या शनिवारी तो चारला यायचा, तर सहा वाजले तरी पत्ता नाही. फोनही उचलेना. सून म्हणाली, "येतील हो, आई." म्हटलं, "तुझ्या तोंडात साखर पडो, माझा जीव मात्र टांगणीला लागलाय." चपला अडकवल्या आणि निघाले.

वळणावर पंक्चरवाल्याच्या दुकानापुढे त्याची गाडी दिसली, आणि हा शेजारी गुडघ्यांवर वाकलेला. अपघात झाला की काय म्हणून धावले. दुकानाच्या भिंतीआड पोचले, तर याचा आवाज कानावर आला.

"दोन तास दुकान बंद ठेवून कुठे उलथला होतास? आण ती आईची सीट लवकर. तिच्यावर बसून शंभर किलोमीटरमध्ये कंबर मोडते, पण आईला कोण सांगणार?" पंक्चरवाल्याने माझी सीट बाहेर आणली, आणि लेकाने कंपनीची काढून तिच्या जागी माझी बसवली.

आल्या पावली परत फिरले. पाच मिनिटांत स्वारी दारात.

"काय रे, मऊ लागली ना?"

"आई, गादीवर लोळत आल्यासारखं वाटतं बघ!"



जन्मात पहिल्यांदा मी जीभ आवरली, आणि त्याच्या ग्रीसने काळ्या झालेल्या हातांपुढे साबण धरला.