कोण गेलं?

मिरची कांडपाच्या मशीनसाठी कर्ज हवं होतं, म्हणून कमलीबाई कामरगावात दानिशच्या ऑनलाइन सेंटरवर आपलं सिबिल काढायला आली. दानिश स्क्रीन वाचता वाचता तिच्याकडे बघतच राहिला.

"मावशी, यात तं तुमी वारल्या म्हणून लिवलं हाय."

कमलीबाईला बचत गटाचं कर्ज वसूल करणारा साहेब आठवला. नवरा गेला तेव्हा, विम्यातून कर्ज माफ होतं म्हणून तो दारात आला होता. "कोण गेलं? नाव सांगा," असं विचारून विचारून थकला. तिने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशीही ते ओठांवर आलं नाही. शेवटी वैतागून त्याने, कर्ज जिच्या नावावर होतं तिचंच नाव लिहून टाकलं.

"मंग आता कसं करू, बापू?"

"दुरुस्ती होते ना. कर्जात तुमच्यासंगं जे दुसरे होते, त्याइची सही पायजे. तुमचे मालकच असतीन. नाव काय त्याइचं?"

कमलीबाईने पदर तोंडाशी नेला. मग हळूच खाली घेतला.

"गोविंदसिंग."

"हां, हेच." दानिशने स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे हयात हायेत. उद्या संगं घेऊन या."