पाचांतल्या एकालाच फुलं

याही वर्षी शिवणकामवालीच्या आधी कुणीतरी येऊन गेलं होतं. नवऱ्याच्या थडग्याचा दगड लख्ख घासलेला, वर ताजी पिवळी फुलं. शेजारच्या चार दगडांवर मात्र शेवाळ तसंच.

"कोण येतं हो इथे?" तिनं राखणदाराला विचारलं.

"येतात एक बाई. बेकरीवाल्या. दर रविवारी." राखणदार झाडता झाडता म्हणाला, "तुम्ही आपल्या वर्षातून एकदा."

झालं! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षातून एकदा म्हणे! सरहद्द ओलांडून यायचं म्हणजे काय पोरखेळ आहे? परवानगीसाठी खेटे घाला, गाड्या बदला, गुडघे चोळत बसा. आणि ही मेली, घराबाहेर पाऊल टाकलं की पोचली.

लढाईत नवऱ्याचं विमान याच गावाबाहेर पडलं होतं. आतली पाचही पोरं गेली. तिचा नवरा बॉम्ब टाकणारा, तेविशीतला. दगडावर प्रत्येकाच्या नावाखाली त्याचं कामही कोरलं होतं. लग्नानंतर त्याला जेमतेम एक सुट्टी मिळाली. तेवढ्या शिदोरीवर तिनं उभा जन्म काढला. चांगली चांगली स्थळं आली, तिनं दारातून परतवून लावली. आणि आता त्यात वाटेकरीण? लढाईच्या आधी तो वर्षभर याच गावात नोकरीला होता. तेव्हाचंच काही असलं तर?

छे, सोक्षमोक्ष लावायचाच. ती रविवारपर्यंत गावात राहिली.

बेकरीवाली सकाळीच आली. हातात बादली, ब्रश, काखेत फुलं. साठी उलटलेली, पण गालांवर तजेला. शिवणकामवालीनं तिला नखशिखांत न्याहाळलं. तरुणपणी देखणी असणार. जीव जळला नुसता.

"पाचजण आहेत की इथे," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "मग या एकाचेच एवढे लाड का?"

"त्यांचे फार उपकार आहेत माझ्यावर." बेकरीवाली ओणवी होऊन दगड घासू लागली. "तुम्ही कोण, ताई?"

"बायको."

बेकरीवालीच्या हातातला ब्रश बादलीत पडला. तिनं घाईघाईनं पदर सावरला. "मी निघते."

"अहो, निघता कुठे? असं चोरासारखं पळायचं नाही. माझा होता तो. अख्खा माझा. तुमचं काय होतं त्याच्याशी, ते आज मला कळलंच पाहिजे."

"ऐकवणार नाही तुम्हाला."

"इतकी वर्षं एकटीनं काढलीत मी. काहीही ऐकवेल."

बेकरीवाली थडग्याच्या कडेला टेकली. बराच वेळ ती फुलांचे देठ सारखे करत राहिली.

"त्या दिवशी त्यांना पूल पाडायचा होता," ती म्हणाली. "नेम चुकला, बॉम्ब आमच्या घरावर पडला. नवरा आत झोपला होता. मला त्यानं मारून मारून रस्त्यावर काढलं होतं, म्हणून मी वाचले. ताई, त्यानंतर आजतागायत माझ्या अंगावर कुणी हात उगारलेला नाही."