न काचणारी गाठ

उदयनं गोळ्यांची पट्टी उलटीपालटी करून पाहिली आणि फ्रिजवर ठेवून दिली.

"नाही द्यायची," तो म्हणाला. "एवढ्याशा पोराला डोक्याची गोळी? उद्या सगळ्या इंद्रपुरी कॉलनीत होईल, यांचा मुलगा पागल आहे म्हणून."

रसिकानं कुकर खाली उतरवला. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. सगळ्या तपासण्या करून त्यांनी शांतपणे सांगितलं होतं, याला एडीएचडी म्हणतात, लक्ष एका जागी टिकत नाही, यात मुलाचा दोष नाही आणि तुमचाही नाही. गोळी सुरू करून बघू, नाही मानवली तर बदलू. तिथे उदय मान डोलावत होता. घरी येईपर्यंत त्या मानेचं काय झालं, देव जाणे.

आतल्या खोलीत अंबरीश अभ्यासाला बसला होता. बसला होता आपलं म्हणायचं. तेवढ्यात तो खिडकीपाशी जाऊन आला, पलंगावर लोळून आला, तहान नसताना पाणी पिऊन आला. सकाळी गणिताचा पेपर होता आणि वहीचं पान पंख्याखाली एकटंच फडफडत होतं.

"अहो, आज बाथरूममध्ये काय करत होता माहितीये?" रसिका आवाज खाली आणून म्हणाली. "आरशासमोर उभा राहून स्वतःलाच रागावत होता. 'बैठ! बदतमीज, बैठ!' हुबेहूब त्याच्या हिंदी शाळेतल्या टीचरच्या आवाजात. आपणच वाईट आहोत असं वाटायला लागलंय हो त्याला. मला नाही बघवत."

उदय गप्प राहिला. तो गप्प राहिला की त्याची आई बोलते, हा या घराचा रिवाज. सुमनताई मेथी निवडत होत्या.

"यात औषध कसलं गं आलं? उदयच्याही पायाला अशीच भिंगरी होती. नागपूरला होतो तेव्हा रोज शाळेतून तक्रार. याचे अण्णा सरळ त्याचा पाय पलंगाला बांधून ठेवायचे, की बस, कर अभ्यास. लागलाच ना चांगल्या नोकरीला?"

त्या हे अगदी कौतुकानं सांगत होत्या. रसिकानं नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. तिच्या मनात आशा आली. आता हा उठेल आणि पट्टी खाली काढेल, असं तिला खरंच वाटलं.

तो उठला. फ्रिजला वळसा घालून दारामागे गेला, तिथला आपला सुती गमछा काढला आणि मुलाच्या खोलीत शिरला.

उदय कारखान्यात क्रेनला माल बांधायच्या कामावर आहे. त्यानं बांधलेला नग हवेत तसूभरही हलत नाही, असं तिथे सगळे म्हणतात. तो मुलाच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला, गमछ्याची नीट घडी केली, अंबरीशच्या घोट्याभोवती वेढा दिला आणि टोकं खुर्चीच्या पायाला बांधली. मग वेढ्यात बोट घालून पाहिलं, जरा सैल केलं.

"अण्णा सुतळीनं बांधायचे," तो म्हणाला. "वळ उठायचे. हे नाही काचणार तुला, हं राजा." आणि त्यानं मुलाच्या पोटरीवरून हात फिरवला.

रसिका दारात उभी होती. त्यानं हात उगारला असता तर ती मध्ये पडली असती, भांडली असती, पोराला उचलून माहेरी गेली असती. पण इतक्या मायेनं चाललेल्या गोष्टीच्या आड कसं यायचं, हे तिला सुचेना.

"पेपर होऊ दे," उदय तिच्याकडे न बघता म्हणाला. "मग बघू गोळीचं."

हे 'बघू' तिच्या चांगल्या ओळखीचं होतं.

अंबरीश रडला नाही की ओरडला नाही. त्यानं वाकून गाठ पाहिली, पाय ओढून पाहिला. पक्की होती. मग ओठ दाताखाली धरून तो लिहू लागला. एक गणित झालं. दुसरं अर्ध्यावर आलं आणि टेबलाखाली त्याचा मोकळा पाय हलायला लागला. त्यानं तो जमिनीवर दाबून धरला. पाय ऐकेना.

त्यानं घाबरून बापाकडे पाहिलं आणि तो पाय आपणहून पुढे केला.

"बाबा, हा पण हिलतो."