पाणमांजर

बऱ्याच वर्षांपूर्वी वन्यप्राण्यांच्या चित्रांची बारा नाणी निघाली होती. अकरा माझ्याकडे होती. पाणमांजराचं सात वर्षं शोधत होतो. ते ताईला तिच्या औषधाच्या दुकानात सुट्ट्या पैशांत आयतं मिळालं, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

“काळवंडलंय रे. तुला यातलं कळतं, असंच ठेवू का?” तिनं विचारलं.

घासलेलं नाणं संग्राहकाच्या लेखी मातीमोल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

“छे! टूथपेस्ट लाव आणि खसाखसा घास,” मी म्हणालो.

रविवारी तिनं माझ्या हातावर डबी ठेवली. आत पाणमांजर लखलखत होतं. मिशा पार पुसल्या होत्या.


“वाढदिवसाची भेट काळीकुट्ट कशी देणार, शहाण्या? तासभर घासत होते!”