समेवरची थाप

पोळ्या लाटता लाटता मृण्मयी गाऊ लागली आणि कौस्तुभच्या कानातलं श्रवणयंत्र गप्प झालं. गाणं तिनंच तरुणपणी गायलेलं, तबल्यावर हाच होता. पण हक्क रेकॉर्ड कंपनीचे आणि ते ऐकण्याच्या याच्या परवान्याची मुदत संपलेली. त्यामुळे यंत्र गाणं ओळखायचं आणि तेवढंच कापून टाकायचं.

“ऐकू येत नाही ना? राहू दे मग,” ती थांबून म्हणाली. हे मात्र त्याला स्वच्छ ऐकू आलं.

“तू गा गं.”

ती पुन्हा गाऊ लागली. तिच्या ओठांकडे बघत त्यानं पिठाच्या डब्यावर ठेका धरला. शेवटच्या ओळीला तिनं मुद्दाम लय वाढवली. तरी त्याची थाप बरोबर समेवर पडली.

ती खुदकन हसली. ते हसणं त्याला ऐकू आलं.