एकटेच?

"बँकॉकला? आणि एकटेच?" वेंगुर्ल्याहून निघताना केळुसकर सरांना ज्यानं त्यानं डोळा मिचकावत हेच विचारलं होतं. राजवाड्याच्या भिंतींवर रंगवलेलं रामायण बघायला चाललोय, असं हे निवृत्त चित्रकला शिक्षक सांगायचे, तेव्हा लोक आणखीच हसायचे.

आज हॉटेलात नाश्त्यालाही तेच. टूरबरोबर आलेले साताऱ्याचे एक गृहस्थ कोपरानं ढोसून म्हणाले, "मजा आहे बुवा तुमची! आम्हाला बायका बरोबर आणाव्या लागल्या."

"तोंड सांभाळून बोला!" सर ताडकन उठले. पाव तसाच ताटलीत टाकून ते नदीच्या धक्क्यावर गेले आणि राजवाड्याकडे जाणाऱ्या बोटीत चढले.

बोट खच्चून भरलेली होती. मागे थोडी मोकळी जागा दिसली, तिथं ते उभे राहिले. अंगाची लाही अजून शमली नव्हती. तेवढ्यात ओठ लालभडक रंगवलेली एक तरुणी उठून जवळ आली आणि त्यांच्या बाहीला हलकेच हात लावून इंग्रजीत म्हणाली, "एकटेच आहात?"

"लाज नाही वाटत?" सर मराठीतच ओरडले. सगळी बोट वळून बघू लागली.

ती दचकली. मग हात जोडून, त्यांच्या डोक्याच्या वर लावलेली पाटी दाखवत म्हणाली, "ही जागा भिक्षूंची आहे. एकटे असाल तर माझ्या जागेवर बसा."

सर तिच्या जागेवर जाऊन बसले. ती उभी राहिली. क्षमा मागायचा धीर गोळा होईपर्यंत तिचा धक्का आला, आणि ती गर्दीतून उतरून गेली.